लेसर लेव्हलरचे टार्गेट : काळ्या जमिनीत पातळी अचूक कशी घ्यावी?

लेसर लेव्हलर भाड्याने ठरवताना आपण ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, बकेट किती फुटांची आणि तासाचा दर किती, एवढे विचारतो. मशीन वावरात आले की तिपाईवर फिरणाऱ्या लेसरकडे सगळ्यांचे लक्ष जाते. पण वावराची पातळी ठरते ती किरण झेलणाऱ्या भागावर. त्यालाच टार्गेट म्हणतात. बकेटच्या खांबावर बसवलेला रिसिव्हर हे एक टार्गेट, आणि मोजकाठीवर सरकणारा हातातला छोटा रिसिव्हर हे दुसरे. हे टार्गेट दोन सेंटिमीटरने चुकले, तर वावरही दोन सेंटिमीटरने चुकते.

दोन सेंटिमीटर म्हणजे फार नाही, असे वाटू शकते. म्हणून हिशेब पाहू. एक एकर क्षेत्रावर एक सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर म्हणजे सुमारे ४० घनमीटर, ब्रासमध्ये सांगायचे तर १४ ब्रास माती. दोन सेंटिमीटर म्हणजे २८ ब्रास. एवढी माती नको त्या ठिकाणी ओढली गेली, तर डिझेल तुमचे, तास तुमचे, आणि पावसाळ्यात साचलेले पाणीही तुमच्याच वावरात.

टार्गेट काम कसे करते?

लेसरचा ट्रान्समीटर तिपाईवर उभा असतो. त्याच्या डोक्यातून निघणारा किरण सेकंदाला साधारण ५ ते १० वेळा गोल फिरतो. त्यामुळे वावरावर एक अदृश्य पत्रा अंथरल्यासारखे प्रकाशाचे प्रतल तयार होते. दिवसा उन्हात हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच टार्गेट लागते.

रिसिव्हरच्या काचेमागे प्रकाश ओळखणाऱ्या पेशींची उभी रांग असते. किरण वरच्या अर्ध्या भागावर जास्त पडला, की खालच्या, हे तो ताडतो. दोन्हीकडे सारखा पडला की मधला दिवा लागतो, म्हणजे पातळी जुळली. दूर जाताना किरणाचा ठिपका पसरतो, तरी रिसिव्हर त्याचा मध्य शोधतो. बकेटवरचा रिसिव्हर हा संदेश ट्रॅक्टरवरील कंट्रोल बॉक्सला देतो आणि हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बकेट वर-खाली करतो. ड्रायव्हरने फक्त ट्रॅक्टर चालवायचा.

हातातल्या रिसिव्हरवर दिव्यांसोबत आवाजही असतो. बहुतेक बनावटींत सलग आवाज म्हणजे पातळी जुळली, तुटक आवाज म्हणजे रिसिव्हर वर किंवा खाली सरकवा. जलद टिकटिक कशासाठी आणि संथ कशासाठी, हे बनावटीनुसार बदलते. काम सुरू करण्याआधी ऑपरेटरकडून एकदा ऐकून घ्या.

यवतमाळच्या वावरात सपाट नको, मोजका उतार हवा

लेसर लेव्हलर भारतात २००१ च्या सुमारास पश्चिम उत्तर प्रदेशात भात-गव्हाच्या पट्ट्यात आला आणि तिथून पंजाब-हरियाणात पसरला. तिथे बांध घातलेल्या वाफ्यात पाणी सगळीकडे सारखे उभे राहावे, म्हणून जमीन अगदी ताटासारखी करतात. ती पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर नुकसान ठरलेले आहे.

आपल्याकडे कपाशी, सोयाबीन, तूर आणि रब्बीत हरभरा. जमीन बहुतांशी काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. अशा जमिनीत दोन दिवस पाणी उभे राहिले की सोयाबीन पिवळे पडते. पऱ्हाटीत आकस्मिक मर दिसते, म्हणजे काल हिरवे असलेले झाड आज मान टाकते. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत जिल्ह्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले. ताटासारख्या सपाट काळ्या वावरातून पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

म्हणून आपले ध्येय ‘शून्य उतार’ नाही, तर ‘ठरवलेला, एकसारखा उतार’ हे आहे. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यावर ओलीत करणारे बाभूळगाव, कळंब, राळेगावकडचे शेतकरी किंवा पुसद, उमरखेड, महागाव भागातील ऊस-हळदीचे शेतकरी सारा किंवा सरीने पाणी देतात. चिकण जमिनीत अशा सिंचनासाठी लांबीच्या दिशेने ०.०५ ते ०.२ टक्के उतार योग्य मानतात. ०.१ टक्का म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर.

कोरडवाहू सोयाबीन-कपाशीचा हिशेब वेगळा. पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेल्या रुंद वरंबा सरी पद्धतीत सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार चांगला मानला जातो, कारण तिथे जादा पाणी सरीतून हळूहळू काढून द्यायचे असते. तुमच्या कोरडवाहू वावराला मुळातच अर्धा टक्का उतार असेल, तर तो लेसर लावून काढून टाकू नका. मधली डबकी भरा आणि उंचवटे तासा. बस. अशा वावरात पूर्ण लेव्हलिंग करून देतो म्हणणाऱ्याचा तासांचा धंदा होतो, तुमचा फायदा होत नाही.

मशीन येण्याआधीची पाहणी

मशीनचे तास मोजले जातात, त्यामुळे कुठे कापायचे आणि कुठे भरायचे हे आधीच माहीत असलेले बरे. त्यासाठी एक लेसर, मोजकाठी आणि हातातला रिसिव्हर पुरे. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आधी वावर नांगरून, वखरून ढेकळे फोडून घ्या. मग २०-२० मीटरचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर खुंटी ठोका. खुंटीशेजारी काठी उभी धरा, रिसिव्हर सरकवत मधला दिवा लागेपर्यंत आणा आणि काठीवरचा आकडा वाचा. आकडा रिसिव्हरच्या मधल्या खुणेपाशी वाचायचा, वरच्या कडेपाशी नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा : आकडा मोठा असेल तर जमीन खोल, आकडा लहान असेल तर जमीन उंच. नवख्या माणसाचा इथेच गोंधळ होतो.

समजा वावर १२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद आहे, म्हणजे सुमारे २.४ एकर. लांबीत सहा आणि रुंदीत चार, अशा २४ खुंट्या झाल्या. लेसर शून्य उतारावर ठेवून २४ आकडे घेतले आणि त्यांची सरासरी १.६२ मीटर आली. आता लांबीच्या दिशेने ०.१ टक्का उतार द्यायचा आहे, म्हणजे दर २० मीटरला २ सेंटिमीटर. सरासरी आकडा वावराच्या मध्याला धरला, तर वरच्या धुऱ्यापासून प्रत्येक रांगेत हवे असलेले आकडे असे येतात :

१० मीटरवरची रांग : १.५७
३० मीटरवरची रांग : १.५९
५० मीटरवरची रांग : १.६१
७० मीटरवरची रांग : १.६३
९० मीटरवरची रांग : १.६५
११० मीटरवरची रांग : १.६७

पहिल्या रांगेतील एका खुंटीवर प्रत्यक्षात १.४९ आले असेल, तर तिथे जमीन ८ सेंटिमीटर उंच आहे, तेवढी कापायची. शेवटच्या रांगेत १.७३ आले असेल तर तिथे ६ सेंटिमीटर भराव. २० बाय २० मीटरच्या चौकोनात ८ सेंटिमीटर कापणे म्हणजे ३२ घनमीटर, साधारण ११ ब्रास माती.

भरलेली माती पहिल्या पावसात बसते. त्यामुळे कापलेली माती भरावापेक्षा साधारण २० ते ३० टक्के जास्त धरावी लागते. कागदावर हे साधायचे तर वरच्या सगळ्या आकड्यांत अर्धा ते एक सेंटिमीटर वाढवा, म्हणजे पूर्ण प्रतल तेवढे खाली येते.

हे सगळे आकडे वहीत नकाशा काढून चौकोनागणिक लिहून ठेवा. कापायच्या खुंटीला लाल चिंधी आणि भरायच्या खुंटीला पांढरी चिंधी बांधली, तर ट्रॅक्टरवाल्याला दुरून कळते आणि तो रिकामा फिरत नाही.

काठी वाकडी, तर आकडा खोटा

रिसिव्हर कितीही महागडा असला तरी काठी वाकडी धरली की आकडा चुकतो. १.८ मीटर उंचीवर काठी ५ अंशांनी कलली तर ७ मिलिमीटरची चूक होते. १० अंशांनी कलली तर जवळपास २८ मिलिमीटरची. काठी धरणारा मुलगा थकला, उन्हाने कंटाळला की दहा अंश कलणे काही अवघड नाही.

यावर सोपा उपाय आहे. काठी कोणत्याही बाजूला कलली तरी आकडा नेहमी वाढतो, कमी कधीच होत नाही. म्हणून काठी हळूच पुढे-मागे डोलवा आणि सर्वांत लहान आकडा खरा धरा. काठीला छोटा गोल बुडबुडा असलेला लेव्हल बांधला तर आणखी चांगले.

काळ्या जमिनीत दुसरा त्रास काठीच्या टोकाचा. उन्हाळ्यात वावराला बोटे जातील एवढ्या भेगा पडतात आणि वखरलेल्या मातीत टोक खाली बसते. काठीखाली हाताच्या पंज्याएवढा चपटा लाकडी तुकडा किंवा पत्रा बसवा आणि सगळीकडे तोच वापरा. काही खुंट्यांवर पत्रा आणि काही ठिकाणी बिनपत्र्याचे, असे करू नका.

तिसरी गोष्ट आधारबिंदूची, म्हणजे बेंचमार्कची. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. आज ठोकलेली खुंटी पावसाळ्यानंतर त्याच उंचीवर असेल याची खात्री नसते. म्हणून पातळीची कायमची खूण मातीत ठेवू नका. विहिरीचा पक्का कठडा, पुलाची भिंत किंवा जमिनीत खोलवर गेलेला दगड निवडून त्यावर रंगाने खूण करा. पुढल्या वर्षी याच खुणेवरून पुन्हा मोजता येते. हद्दीचे दगड मात्र या कामासाठी उकरू किंवा हलवू नका, आणि मशीनवाल्यालाही धुऱ्याच्या खुणा आधी दाखवून ठेवा. लेव्हलिंगनंतर धुरा सरकल्याचे भांडण शेजाऱ्याशी वर्षानुवर्षे चालते.

ट्रान्समीटरची दिशा आणि परीक्षा

तिपाई धुऱ्यावर, झाडाच्या आणि मोटरच्या खोलीच्या आडोशाला येणार नाही अशा जागी उभी करा. किरण ट्रॅक्टर आणि माणसांच्या डोक्यावरून जाईल इतकी उंची हवी. तिपाईचे पाय मातीत घट्ट रोवा किंवा खाली चपटे दगड ठेवा. मोकळ्या काळ्या मातीत तिपाई एक सेंटिमीटर खचली, तर पूर्ण प्रतल एक सेंटिमीटर खाली येते आणि बकेट सगळीकडे तेवढी जास्त कापत सुटते. बऱ्याच ट्रान्समीटरमध्ये हलल्याची सूचना देणारी सोय असते. मात्र हळूहळू खचणे तिला प्रत्येक वेळी कळेलच असे नाही.

लेसर मुळात बरोबर आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. उतार शून्य ठेवा. ५० मीटरवर एका पक्क्या जागी काठी उभी करून आकडा घ्या. आता ट्रान्समीटर तिपाईवरच अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, फिरवा आणि त्याच जागी पुन्हा आकडा घ्या. दोन्हींत ६ मिलिमीटर फरक आला, तर खरी चूक त्याच्या निम्मी, ३ मिलिमीटर. मग ९० अंशांनी फिरवून दुसऱ्या अक्षावर हेच करा. ५० मीटरवर चूक दोन-तीन मिलिमीटर असेल तर चालवून घ्या. सेंटिमीटरच्या घरात गेली तर ते यंत्र दुरुस्तीला पाठवायला सांगा, त्यावर वावर करून घेऊ नका.

उतार दिलेल्या लेसरला दिशाही लागते. ट्रान्समीटरच्या डोक्यावर नेम धरायला खाच असते. समोरच्या टोकाला, उताराच्या रेषेत काठी उभी करून तिच्यावर नेम जुळवायचा. हे काम नजरेच्या अंदाजाने उरकतात. दिशा २० अंशांनी चुकली तर ०.१ टक्क्याच्या उताराचा काही भाग आडवा जातो आणि ८० मीटर रुंदीत सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा नको असलेला उतार तयार होतो. पाणी मग एका धुऱ्याला जमा होते, आणि शेतकरी म्हणतो की लेसर करूनही काही उपयोग झाला नाही.

उतार उलट्या चिन्हाने भरला गेला, तर पाणी बोडीकडे जायच्या ऐवजी विहिरीकडे येते. तेही तपासता येते. १०० मीटरवर काठी धरा, शून्य उतारावर आकडा घ्या, मग ०.१ टक्का उतार द्या. किरण पुढे खाली जात असेल तर आकडा १० सेंटिमीटरने कमी झाला पाहिजे. वाढला तर चिन्ह उलटे आहे.

बकेटवरचा रिसिव्हर

मशीनला सुरुवातीची पातळी शिकवावी लागते. तुमच्या नकाशात जिथे ना कापायचे ना भरायचे असा चौकोन आहे, तिथे बकेट नेऊन पाते जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटर वर ठेवा. मग रिसिव्हर खांबावर वर-खाली सरकवत मधला दिवा लावा आणि पकड घट्ट आवळा. त्यानंतरच ऑटो सुरू करायचे. नकाशा नसेल तर ऑपरेटर अंदाजाने एखादी जागा निवडतो, आणि पूर्ण वावराची उंची त्या अंदाजावर ठरते.

पकड ढिली राहिली आणि काम चालू असताना रिसिव्हर दोन सेंटिमीटर खाली घसरला, तर मशीनला वाटते बकेट खाली आहे, म्हणून ते बकेट दोन सेंटिमीटर वर उचलते. तिथून पुढचे वावर तेवढे उंच राहते. सकाळी केलेला आणि दुपारी केलेला भाग यांत पायरी पडते. म्हणून खांबावर रिसिव्हरच्या खाली खडूने किंवा टेपने खूण करून ठेवा. चहापाण्यानंतर, जेवणानंतर ती खूण पाहा. बेंचमार्कवर हाताच्या काठीने एकदा आकडा घ्या. तो सकाळचाच आला पाहिजे.

खांब सरळ उभा हवा. तो मागे कललेला असेल तर वळणावर रिसिव्हरची उंची बदलते. आणि हेही ध्यानात घ्या की एक रिसिव्हर फक्त उंची सांभाळतो, बकेटची डावी-उजवी बाजू नाही. ती ट्रॅक्टरच्या आणि बकेटच्या चाकांवर अवलंबून असते. म्हणून शेवटचा हात आडवा-उभा, दोन्ही दिशांनी द्यायला सांगा.

मध्ये झाड आले, बाभळीची फांदी आली, दुसरा ट्रॅक्टर आडवा आला, की रिसिव्हरला किरण मिळत नाही. अशा वेळी बकेट आहे त्या जागी थांबते आणि ड्रायव्हरचे दिव्यांकडे लक्ष नसेल तर पाच-दहा मीटर तशीच ओढली जाते. शेजारच्या वावरात त्याच दिवशी दुसरा लेसर चालू असेल तर तुमचा रिसिव्हर त्याचाही किरण पकडू शकतो. बकेट अधूनमधून उगाच उडी मारू लागली, तर आधी आजूबाजूला दुसरे यंत्र आहे का ते पाहा.

ऊन, धूळ आणि वारा

तूर, कपाशी निघाल्यावर किंवा हरभरा-गहू काढल्यावर, म्हणजे फेब्रुवारी ते मे हा लेव्हलिंगचा काळ. नेमका तेव्हाच ऊन तापते. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, काळी जमीन तव्यासारखी तापते आणि तिच्यावरची हवा थरथरताना दिसते. या थरथरत्या हवेतून जाणारा किरण सरळ राहत नाही, वाकतो आणि नाचतो. रिसिव्हरचा दिवा वर-मध्ये-खाली असा फडफडू लागला की समजा, हवा तापली आहे. बकेटही तशीच थरथरते आणि वावरावर लाटा उमटतात.

उपाय दोन : अंतर कमी ठेवा आणि वेळ बदला. यंत्राची पोच ३०० मीटर लिहिलेली असली तरी उन्हाळ्यात १५० मीटरच्या आत काम करा. सकाळी लवकर ते दहा-साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर सर्वांत चांगली पातळी मिळते. मोजणीचा हा जुना अनुभव आहे. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी करणारे विल्यम लॅम्बटन आपल्या शेजारच्या हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारले. त्यांच्यानंतर काम हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी दिवसाच्या तापल्या हवेचा त्रास टाळण्यासाठी दूरच्या टेकड्यांवर रात्री दिवे लावून त्यांनाच लक्ष्य करून मोजणी केली. लेसर आला तरी हवा तीच आहे.

सूर्य मावळतीला आला की त्याचे ऊन सरळ रिसिव्हरच्या काचेत शिरते, तेव्हा ट्रान्समीटरची जागा अशी निवडा की रिसिव्हरला लेसर आणि सूर्य एकाच बाजूने येणार नाहीत. जवळ उभी केलेली मोटारसायकल किंवा चकचकीत पत्र्याचे छप्पर यावरून परतलेला किरणही रिसिव्हरला फसवतो.

काचेवर काळ्या मातीची बारीक धूळ दर अर्ध्या-पाऊण तासाला जमते. ती खांद्यावरच्या दुपट्ट्याने कोरडी पुसू नका, चरे पडतात. मऊ कापड पाण्यात ओले करून हलक्या हाताने पुसा. जोराचा वारा सुटला तर काम थांबवलेले बरे, तिपाई हलते.

किती कापावे?

लेसर पातळी दाखवतो, मातीची खोली दाखवत नाही. वर्धा आणि पैनगंगेच्या काठाने, वणी-मारेगाव-झरी जामणी भागात खोल काळी जमीन आहे. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या डोंगराळ भागात बऱ्याच वावरांत हात-दीड हातावर मुरूम लागतो. अशा ठिकाणी १० सेंटिमीटर कापले की पिकाच्या वाट्याची चांगली माती गेली.

पाहणीच्या वेळीच, जिथे जास्त कापायचे आहे तिथे फावड्याने खड्डा खोदून मुरूम किंवा चुनखडी किती खोल आहे ते पाहा. माती उथळ असेल तर पूर्ण वावर एका प्रतलात आणण्याचा हट्ट सोडा. वावराचे दोन-तीन तुकडे पाडून प्रत्येकाची पातळी वेगळी ठेवा. कापणी कमी होते आणि खर्चही.

कापलेल्या पट्ट्यात पहिली एक-दोन वर्षे पीक खुजे दिसते, विशेषतः स्फुरद आणि जस्ताची कमतरता जाणवते. शेणखत त्या पट्ट्यातच जास्त टाका आणि तिथल्या मातीचा नमुना वेगळा तपासून घ्या. भरावाच्या आणि कापलेल्या भागाची माती एकत्र मिसळून दिली तर अहवालाला अर्थ उरत नाही.

पैसे देण्याआधी तपासा

काम संपल्यावर, मशीन वावरात असतानाच, जुन्या खुंट्यांच्या जागी पुन्हा आकडे घ्या. लेसर उतारावरच ठेवलेला असेल तर सगळीकडे एकच आकडा यायला हवा. लेसर शून्यावर आणला असेल तर दर २० मीटरला २ सेंटिमीटरने वाढत जायला हवा. दोन सेंटिमीटर वर किंवा दोन सेंटिमीटर खाली, इतका फरक चांगल्या कामात चालतो. त्यापेक्षा जास्त फरक असलेल्या चौकोनांवर पुन्हा हात फिरवायला सांगा. ही तपासणी होणार आहे हे सौदा ठरवतानाच बोलून ठेवा, म्हणजे नंतर तोंडे वाकडी होत नाहीत.

तुमच्याकडे लेसर नसेल तरी तपासणी अडत नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी १५-२० मीटरपर्यंत काही मिलिमीटर अचूक पातळी देते. नळीत बुडबुडा राहू देऊ नका आणि नळी उन्हात ठेवून एक टोक तापू देऊ नका. चौकोनागणिक पुढे सरकत गेलात तर २.४ एकराचा एक उभा आणि एक आडवा छेद तासाभरात होतो.

लाइन लेसर आणि टार्गेट पट्टी

गोठ्याची फरशी, ठिबकच्या फिल्टरचा ओटा किंवा पाण्याच्या टाकीचा पाया घेताना मिस्त्री छोटा लाइन लेसर वापरतात. यासोबत चुंबक असलेली लाल किंवा हिरवी प्लॅस्टिकची टार्गेट पट्टी मिळते. लाल लेसरसाठी लाल पट्टी, हिरव्यासाठी हिरवी. तिच्यावर रेषा ठळक दिसते. उघड्यावर उन्हात मात्र ही पट्टी पुरत नाही. तिथे पल्स मोड असलेला लाइन लेसर आणि त्याच्यासाठीच बनवलेला रिसिव्हर लागतो. फिरत्या लेसरचा रिसिव्हर लाइन लेसरला चालेलच असे नाही, आणि लाल किरणासाठी बनवलेला रिसिव्हर हिरवा किरण बहुधा पकडत नाही. विकत घेताना दोन्ही दुकानातच जोडून पाहा.

मळणी यंत्र किंवा डाळमिलच्या पट्ट्यांसाठीही आता लेसर मिळतो. एका पुलीवर लेसर आणि दुसऱ्या पुलीच्या खाचेत छोटी टार्गेट बसवून दोन्ही पुली एका रेषेत आणतात. पट्टा वारंवार एकाच कडेने झिजत असेल तर हे करून पाहण्यासारखे आहे. एरवी ताणलेली दोरी पुरते.

लेसरसोबत मिळणारा लाल चष्मा रेषा दिसण्यासाठी असतो, डोळ्यांच्या संरक्षणासाठी नाही. तो घालूनही किरणात पाहू नका. लहान मुलांना ट्रान्समीटरजवळ फिरकू देऊ नका, आणि दुर्बिणीतून किंवा मोजणीच्या यंत्राच्या भिंगातून लेसरकडे कधीच पाहू नका.

मशीन कुठून आणावे?

लेसर लेव्हलर एका शेतकऱ्याने विकत घेण्याचे यंत्र नाही. ५० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर लागतो आणि एकदा केलेले वावर तीन-चार वर्षे पुरते. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने अवजार बँकेसाठी घेतले तर परवडते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाच्या अनुदान यादीत हे यंत्र आहे आणि अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करतात. अनुदानाची रक्कम आणि अटी दरवर्षी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. गटाने यंत्र घेताना एक हातातला रिसिव्हर, मोजकाठी आणि तिच्या खालचा पत्रा यांचाही खर्च त्याच प्रस्तावात धरा. नंतर वेगळे घ्यायला कोणी पैसे काढत नाही.